“मी काहीच केलं नाही, आपोआप झालं!”



आजची सुरुवात एका प्रश्नाने करते. घरातला कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप अचानक बंद पडला आणि कुणी विचारलं, “काय झालं?” तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं? माझ्या तोंडून तरी नेहमी हेच निघतं: “मी काहीच केलं नाही, आपोआप झालं!”

माझा आतेभाऊ हे वाक्य दिवसातून पंधरा-वीस वेळा ऐकतो. हिंदीत, भोजपुरीत, इंग्रजीत आणि घरी आला की आत्याकडून मराठीत. तो वाराणसीतल्या एका विद्यापीठात डेस्कटॉप सपोर्टचं काम करतो. म्हणजे ऑफिसांतले, प्रयोगशाळांतले, प्राध्यापकांच्या टेबलावरचे कॉम्प्युटर बिघडले की ज्याला बोलावतात, तो हा माणूस. गेल्या डिसेंबरात मी पंधरा दिवस आत्याकडे राहिले. कंटेंट रायटिंगचं माझं काम कुठूनही करता येतं, त्यामुळे लॅपटॉप उचलला आणि काशी गाठली. त्या पंधरा दिवसांत दादाचं काम जवळून पाहिलं आणि तिथेच माझी एक जुनी चूक माझ्या लक्षात आली. तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

ब्रह्माघाटावरचा दादा

माझी आत्या लग्न होऊन काशीला गेली. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत, त्यातलंच एक तिचं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट याच शहरातले. विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधलं, हे तर आपण शाळेपासून ऐकतो. त्यामुळे काशीत मराठी माणसाला परकं वाटत नाही. दादाची मराठी मात्र खास बनारसी आहे. “अगं, ते सिस्टीम हँग झालं ना, तर मी म्हटलं, गुरू, जरा दम धरा!” असं तो बोलतो आणि आत्या कपाळाला हात लावते.

दादाचं विद्यापीठ कोणतं, हे मी मुद्दाम सांगत नाही. वाराणसीत १९१६ साली स्थापन झालेलं बनारस हिंदू विद्यापीठ आहे, १९२१ पासूनचं काशी विद्यापीठ आहे, संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे. त्यातलं कोणतंही एक समजा. दादा काम विद्यापीठात करतो, पण पगार देते एजन्सी. करार एका वर्षाचा. दर मार्चमध्ये घरात थोडी शांतता पसरते आणि एप्रिलमध्ये नवं ओळखपत्र आलं की आत्या पेढे आणते.

मी पडले बी.ए. इंग्रजी. कॉम्प्युटर दुरुस्त करणं म्हणजे काहीतरी फार अवघड, हुशार लोकांचं काम, असा माझा समज. पहिल्या रविवारी दादाने मला बनारस हिंदू विद्यापीठाचा परिसर दाखवायला नेलं. तिथल्या आयआयटीत ‘परम शिवाय’ नावाचा महासंगणक आहे. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. तो उभारला आपल्या पुण्याच्या सी-डॅकने. हीच ती संस्था, जी १९८८ मध्ये सुरू झाली आणि जिने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ बनवला. ‘परम शिवाय’ची ताकद आठशे टेराफ्लॉपहून जास्त आहे. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. माझा तर आकडा ऐकूनच श्वास अडकला.

“दादा, तू असल्या मशीनवर काम करतोस?”

तो हसला. “मी? मी माउस बदलतो, माउस!”

मग त्याने मला मध्यवर्ती ग्रंथालय दाखवलं. तिथेही मराठी धागा निघाला. या ग्रंथालयाची सुरुवात १९१७ मध्ये झाली ती प्रा. पी. के. तेलंग यांनी दिलेल्या पुस्तकांपासून. वडील न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ त्यांनी ती दिली होती. आजची भव्य इमारत १९४१ ची, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या देणगीतून उभी राहिलेली. शेजारच्या सायबर लायब्ररीबद्दल दादाने एक गोष्ट सांगितली. ती रात्रभर उघडी राहावी, या मागणीसाठी २०१६ मध्ये काही विद्यार्थ्यांनी उपोषण केलं होतं.

“लायब्ररीसाठी उपोषण?” मी विचारलं.

“ज्याच्या खोलीवर कॉम्प्युटर नाही, पंखा नाही, एका खोलीत चार पोरं राहतात, त्याचं सगळं शिक्षण त्या एका खुर्चीवर चालतं,” दादा म्हणाला. “महासंगणकाचे फोटो सगळे काढतात. प्रबंध मात्र साध्या डेस्कटॉपवरच टाइप होतो.”

खोडरबर, ब्रश आणि नाण्याएवढा सेल

एका गुरुवारी मी दिवसभर त्याच्याबरोबर हिंडले. त्याच्या पाठीवरच्या बॅगेत काय होतं, सांगू? दोन स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा ब्रश, एक जादा माउस, नाण्याएवढे दोन-चार सेल आणि शाळेतलं पांढरं खोडरबर!

पहिला कॉल होता, “नेट बंद आहे.” नेट चालू होतं. पण कोणतीच वेबसाइट उघडत नव्हती, प्रत्येक वेळी ‘सुरक्षित नाही’ असा इशारा येत होता. दादाने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. कॉम्प्युटरच्या मते ते २००९ साल होतं. मदरबोर्डवर एक छोटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसतानाही तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक वेबसाइटचं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. २००९ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला आजचं प्रमाणपत्र खोटं वाटतं, म्हणून तो दार उघडत नाही. पन्नास रुपयांचा सेल बदलला आणि ‘नेट’ सुरू झालं.

दुसरा कॉल एका ज्येष्ठ बाबूंचा. त्यांनी घरून टाइप करून आणलेलं पत्र ऑफिसात उघडलं, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा भुगा. “व्हायरस लागला,” ते घाबरून म्हणाले. व्हायरस वगैरे काही नव्हता. पत्र कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये होतं आणि त्या कॉम्प्युटरवर तो फाँट नव्हता. आपल्याकडे श्रीलिपी, आकृतीत टाइप केलेल्या जुन्या फाइलींचं असंच होतं ना, अगदी तसंच. हे जुने फाँट इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचा मुखवटा चढवतात, त्यामुळे मुखवटा नसला की आतलं इंग्रजी दिसतं. युनिकोडमध्ये ‘क’ हा सगळीकडे ‘क’च राहतो. दादाने फाँट टाकून पत्र वाचून दाखवलं, मग ते युनिकोडमध्ये बदलून दिलं.

तिसऱ्या ठिकाणी केबल तुटली होती. का, तर माकडं! हसू नका. २०१५ मध्ये घाटांवरच्या वाय-फायसाठी टाकलेल्या केबल इथल्या माकडांनी कुरतडल्या, त्याची बातमी परदेशापर्यंत गेली होती.

चौथं मशीन सुरूच होत नव्हतं, नुसतं ‘बीप बीप’ ओरडत होतं. दादाने डबा उघडला, ब्रशने धूळ झाडली, रॅमची पट्टी काढली आणि तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले. पट्टी बसवली आणि मशीन सुरू! तिथल्या मॅडमनी जादूगाराकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

एव्हाना माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. यातल्या प्रत्येकाने पहिलं वाक्य तेच उच्चारलं होतं, “मी काहीच केलं नाही.” आणि दादाने एकदाही “तुम्ही काय केलंत?” असं विचारलं नव्हतं. तो विचारायचा, “शेवटचं चालू होतं तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं?” आणि लगेच पुढे जोडायचा, “हे सगळ्यांचंच होतं.”

चहाच्या टपरीवर मी त्याला याचं कारण विचारलं. तो म्हणाला, “‘काय केलंत’ म्हटलं की माणूस आरोपी होतो. मग तो आधी स्वतःला वाचवतो. मला खरं काय घडलं ते कळतच नाही. आणि खरं कळल्याशिवाय मी दुरुस्त काय करणार, कपाळ?”

तीन दिवस गप्प बसलेली मुलगी

दुपारी तीनच्या सुमाराला एक मुलगी त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पीएचडी करणारी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. हातात पेन ड्राइव्ह. तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता. विभागातल्या सामायिक कॉम्प्युटरवर ती टाइप करायची आणि सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन जायची. सात प्रकरणं, चार वर्षांचं काम, दहा दिवसांनी प्रबंध जमा करायचा.

“भैया, पेन ड्राइव्ह रिकामा दिसतोय. मी काहीच केलं नाही. आपोआप झालं.”

दादाने तिला खुर्ची दिली. पाणी दिलं. मग अगदी सहज म्हणाला, “एक छोटी खिडकी आली होती का, फॉरमॅट करायचं का असं विचारणारी? माझ्या हातून दोनदा दाबलं गेलंय ते.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग डोळे भरून आले आणि सगळं बाहेर पडलं. सोमवारी घाईत तिने पेन ड्राइव्ह चालू असतानाच उपटून काढला होता. पुन्हा लावला तेव्हा ती खिडकी आली. तिने घाबरून ‘हो’ दाबलं आणि सगळं रिकामं झालं. त्याच दिवशी तिने एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, “पीएचडी करता आणि एवढंही कळत नाही?” ती तशीच परत गेली. मंगळवार, बुधवार कुणाशीच बोलली नाही. काहीतरी होईल या आशेने त्याच पेन ड्राइव्हवर संदर्भाच्या पीडीएफ भरत राहिली.

इथे मला एक गोष्ट समजली, ती तुम्हीही समजून घ्या. आपण फाईल पुसतो किंवा साधा, झटपट होणारा फॉरमॅट मारतो, तेव्हा कॉम्प्युटर बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिकेचं पान फाडतो. आतली प्रकरणं जागेवरच असतात, पण ती जागा आता ‘मोकळी’ धरली जाते. तिथे नवं काही लिहिलं की मग जुनं खरंच जातं. म्हणून काहीही चुकून पुसलं गेलं, तर पहिला नियम असा की त्या पेन ड्राइव्हवर किंवा कार्डावर एक अक्षरही नवं टाकायचं नाही. लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर तो पुसलेली जागा स्वतःहून साफ करत राहतो, त्यामुळे तिथे आशा आणखी कमी.

दादाने फाइली परत मिळवणारं सॉफ्टवेअर लावलं. दोन तास गेले. मी माझं काम विसरून त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होते. ती मुलगी तर श्वासही जपून घेत होती. सातपैकी पाच प्रकरणं पूर्ण निघाली. सहावं अर्धं. सातवं आलं नाही. पीडीएफ नेमक्या त्याच्या जागेवर बसल्या होत्या. दादाने तिच्या ईमेलमध्ये शोधायला लावलं, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी मार्गदर्शकांना पाठवलेला सातव्याचा कच्चा मसुदा सापडला. ती तोच घेऊन पुन्हा लिहायला बसली. मुदत वाढवून मिळेल का, ते तिला ठाऊक नव्हतं.

घरी येताना दादा गप्प होता. गोदौलियाच्या गर्दीत स्कूटर थांबली तेव्हा मागे न बघता म्हणाला, “सोमवारीच माझ्याकडे आली असती ना, तर सातही मिळाली असती.”

आणि मग बाबा आठवले

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण “एवढंही कळत नाही?” हे वाक्य मी ओळखत होते. ते माझंच होतं.

त्याच्या आदल्या दिवाळीत मी घरी होते. बाबा निवृत्त आहेत. त्यांनी हौसेने आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करायला घेतला होता. ईमेलला फाईल कशी जोडायची, हे त्यांनी मला तिसऱ्यांदा विचारलं आणि मी मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, “बाबा, किती वेळा सांगायचं? लहान मुलांनाही येतं हे!” ते “बरं, बरं” म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. मला वाटलं, शिकले वाटतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, “बाबा, लॅपटॉप कसा चाललाय?”

“चाललाय की.”

“कुलवृत्तांत कुठपर्यंत आला?”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, “अगं, तो जरा बंद आहे. आपोआपच बंद पडला.”

“कधी?”

“झाले दोन-अडीच महिने.”

अडीच महिने! लाइटबिल भरायला ते कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जात होते. आईला सांगितलं होतं, मला सांगू नकोस. मी काही बोलणार, तेवढ्यात दादाने खूण करून फोन मागितला.

“मामा, मी बोलतोय. अहो, आमच्याकडे रोज पाच लॅपटॉप पडतात. तुमचा कुठून पडला, टेबलावरून की पलंगावरून?”

पलीकडून बाबा चक्क हसले. “पलंगावरून. चार्जरच्या वायरीत पाय अडकला.”

मला दोन महिन्यांत जे कळलं नव्हतं, ते दादाला एका प्रश्नात कळलं. त्याने पुढे विचारलं, चालू केल्यावर टक्-टक् असा आवाज येतो का? येत होता. बाबा रोज सकाळी एकदा चालू करून बघत होते, आज तरी सुरू होईल म्हणून. दादा म्हणाला, “मामा, आता अजिबात चालू करू नका. हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरते, तिला धक्का लागलाय. प्रत्येक वेळी चालू केली की ओरखडा वाढतो.” गल्लीतल्या दुकानदाराने ‘नवीन विंडोज टाकून देतो’ म्हटलं होतं, तेही दादाने थांबवलं.

त्या डिस्कवर कुलवृत्तांताची ऐंशी पानं आहेत आणि आजीच्या शेवटच्या दोन वर्षांतले फोटो. दुसरी प्रत नाही. हार्ड डिस्क आता पुण्यात डेटा रिकव्हरी करणाऱ्या एका दुकानात आहे. किती परत येईल, ते त्यांनाही सांगता येत नाही. दिवाळीत मी मान वर करून पाच मिनिटं दिली असती, तर ती फाईल माझ्या ईमेलमध्ये असती. बाबा तेव्हा तेच तर करायला शिकत होते!

आपल्या घरातला डेस्कटॉप सपोर्ट

तुमच्याही घरात कुणीतरी असा ‘दादा’ असतोच. कदाचित तुम्हीच असाल. सासूबाईंचा मोबाइल, मुलांचा टॅब, नवऱ्याचा प्रिंटर, सगळं तुमच्याकडेच येत असेल. दादाकडून शिकलेल्या काही गोष्टी तुमच्यासाठी लिहिते.

पहिली, प्रश्न बदला. “काय केलंस?” ऐवजी “शेवटचं काय दिसत होतं?” असं विचारा. आणि “माझंही असं झालं होतं” हे एक वाक्य जोडा. ते खरंच असतं!

दुसरी, माउस हिसकावून घेऊ नका. दादा समोरच्यालाच खुर्चीत बसवतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. हाताने एकदा केलेलं लक्षात राहतं, दुसऱ्याने भराभर केलेलं नाही. मग पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. आत्याच्या फ्रिजवर ‘व्हिडिओ कॉल कसा लावायचा’ हा कागद अजून चिकटवलेला आहे.

तिसरी, बिघडल्यावर लगेच काय करायचं नाही, ते घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पेन ड्राइव्ह रिकामा दिसला तर त्यावर नवं काही टाकू नका. हार्ड डिस्क टक्-टक् करत असेल तर चालू करून बघू नका. लॅपटॉपवर चहा सांडला तर आधी बंद करा, चार्जर काढा आणि ‘चालतोय का बघू’ म्हणून पुन्हा सुरू करू नका. साखरेचा चहा पाण्याहून वाईट, तो आत चिकटून बसतो. नवीन विंडोज टाकायला देण्याआधी ‘माझा डेटा आधी काढून ठेवा’ हे दुकानदाराला स्पष्ट सांगा.

चौथी, प्रती ठेवा. जाणकार यासाठी ३-२-१ असा हिशोब सांगतात. महत्त्वाच्या गोष्टीच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाबहिणीकडे. काशीला हे नवं नाही. संपूर्णानंद विश्वविद्यालयाची सुरुवात १७९१ च्या संस्कृत पाठशाळेपासून झाली. तिथल्या सरस्वती भवन ग्रंथालयात लाखाच्या आसपास हस्तलिखितं आहेत. जुने ग्रंथ आपल्यापर्यंत पोचले, कारण ताडपत्र झिजण्याआधी कुणीतरी बसून त्याची नक्कल केली होती. आपल्याला तर फक्त दोन बटणं दाबायची आहेत. आणखी एक, घरात अजून विंडोज १० असेल, तर त्याचा नियमित मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला आहे. पुढे काय करायचं, ते बँकेची कामं त्यावर करण्याआधी एखाद्या जाणत्याला विचारा.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आज फाईल लपवणारे आईबाबा उद्या फसवणूकही लपवतील. चुकून ओटीपी दिला, कुणी ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊन पैसे घेतले, तर पहिले काही तास फार मोलाचे असतात. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी थांबवता येण्याची शक्यता असते. पण मुलगी ओरडेल, सून हसेल या भीतीने माणूस दोन दिवस गप्प बसला, तर तोवर सगळं हातातून गेलेलं असतं. म्हणून आजच जेवताना घरात सांगून टाका, “काहीही झालं तरी आधी मला सांगा. मी रागावणार नाही.” आणि मग खरंच रागावू नका. हा दुसरा भाग अवघड आहे, मी अनुभवाने सांगते.

परवाचा फोन

निघायच्या दिवशी मी दादाला विचारलं, “तुझा चांगला दिवस कोणता?”

“ज्या दिवशी फोन वाजत नाही तो,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पण तसे सलग चार दिवस गेले की साहेब विचारतात, हा माणूस कशाला ठेवलाय?” आणि बॅग पाठीला लावून कामावर गेला. मार्च जवळ येत होता.

मी बाबांसाठी माझा जुना लॅपटॉप पाठवून दिला. त्यांनी कुलवृत्तांत पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करायला घेतलाय. दर रविवारी संध्याकाळी ते मला फाईल ईमेल करतात, आता जोडता येते त्यांना. परवा मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. आवाजात थोडी काळजी होती.

“अगं, मी बहुतेक काहीतरी चुकीचं दाबलंय.”

मीटिंग सोडून मी बाहेर आले. हसू आवरत नव्हतं. कारण बाबा या वेळी ‘आपोआप झालं’ म्हणाले नव्हते.

“असू दे बाबा,” मी म्हटलं. “स्क्रीनवर काय दिसतंय, सांगा बघू.”

भेटू पुढच्या लेखात!